सुटीच्या दिवशीचे नाटक

शेतकरी मंडळींना आगाऊ तयारी कोणी शिकवावी लागत नाही. मृग लागण्याआधी बियाणे घरात येते. आभाळ भरून आल्यावर बियाण्याचे दुकान शोधीत कोणी फिरत नाही. आषाढीची वारी करणारे घर आधीच सगळी सोय लावते. मागे गुरांना वैरण कोण टाकील, तेही ठरवून ठेवते. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण चांगले जाणतो.

पण शहरात नाटक पाहायला जायचे म्हटले, की आपण हे विसरतो. "गेल्यावर काढू की तिकीट! त्यात काय?" असे म्हणतो. नाटकाचे तिकीट आधी का काढावे आणि कसे काढावे, ते या धड्यात पाहू.

तंबू आणि रंगमंदिर

परभणीचा तुराबुल हक साहेबांचा उरूस घ्या, नाही तर आपल्या गावची जत्रा घ्या. जत्रेत खेळ बघायचा तर आपण तंबूच्या दारात पैसे देतो आणि आत जातो. गर्दी झाली तर माणसे सरकून बसतात. पोराला मांडीवर घेतात. दहा माणसे जास्त आली तरी भागते.

रंगमंदिरात तसे चालत नाही. तिथे खुर्च्या मोजलेल्या असतात. प्रत्येक खुर्चीला नंबर असतो. एका नंबरावर एकच माणूस बसतो.

पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर पाहा. बालगंधर्व हे मराठी रंगभूमीचे फार मोठे नट. या रंगमंदिराची पायाभरणी त्यांच्याच हातून १९६२ साली झाली. बांधकाम पुरे झालेले मात्र त्यांना पाहता आले नाही. ते १९६७ साली वारले. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी, रंगमंदिर सुरू झाले.

या रंगमंदिरात ९८९ खुर्च्या आहेत. दुपारी, संध्याकाळी आणि रात्री असे दिवसात तीन प्रयोग झाले, तर किती माणसे नाटक बघतील? ९८९ गुणिले ३ म्हणजे २,९६७. आता पुण्याची वस्ती पाहा. २०११ च्या शिरगणतीत ती ३१ लाखांवर होती. पुण्यात दुसरीही रंगमंदिरे आहेत. तरी एवढ्या माणसांना ती कुठवर पुरणार? त्यातून सुटीच्या दिवशी कारखाने, कचेऱ्या आणि शाळा एकदमच बंद असतात. सगळे एकाच दिवशी मोकळे होतात. म्हणून 'हाऊसफुल्ल'ची पाटी लागते. म्हणजे सगळ्या खुर्च्या भरल्या. यात कोणाची लबाडी नाही. हा साधा हिशेब आहे.

एका घराची गोष्ट

समजा, जिंतूर तालुक्यात एक घर आहे. घरात माय आहे. ती सत्तरीला आली. थोरला मुलगा आणि सून शेती बघतात. धाकटा पुण्याला कारखान्यात आहे. मायने चुलीपुढे बसून रेडिओवर नाटकातली पदे ऐकली. उभ्या जन्मात नाटक मात्र पाहिले नाही. एकदा ते डोळ्यांनी पाहावे, एवढी तिची इच्छा.

दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी चालू असते. रब्बीची पेरणीही असते. त्यामुळे घर सोडता येते ते चारच दिवस.

गेल्या दिवाळीत ही मंडळी पुण्याला गेली. पाचचे नाटक होते. साडेचारला सगळी रंगमंदिराच्या दारात पोचली. बघतात तो हाऊसफुल्लची पाटी! एक माणूस जवळ येऊन हळूच म्हणाला, "तीनशेचं तिकीट आठशेला देतो. घ्यायचं तर लवकर घ्या."

चार तिकिटांचे १,२०० रुपये व्हायचे, तिथे तो ३,२०० मागत होता. तिकीट खरे की खोटे, तेही कळायला मार्ग नव्हता. माय म्हणाली, "चला रं बाबा घरी. माझ्या नशिबातच नाही ते."

मंडळी, नशिबाचा यात काय संबंध? तेच तिकीट आधी काही दिवस खिडकीवर मिळत होते. जाण्यायेण्याचे भाडे फुकट गेले, ते एक वेळ सोसता येईल. पण मायचे एक वर्ष गेले, ते कोण भरून देणार? पीक पुढच्या हंगामात पुन्हा येते. माणसाचे वय काही मागे येत नाही.

या वर्षी काय केले?

या वर्षी थोरल्याने आधी दिवस ठरवले. मग प्रवासाकडे पाहिले. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती ६० झाली. सणाच्या गाड्या लवकर भरतात. म्हणून त्याने परभणीहून पुण्याला जायचे आणि परत यायचे, अशी दोन्ही तिकिटे एकदमच काढली. एसटीने जाणाऱ्यांनीही आधी आरक्षण करावे. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे भाडे आहे, तेही हिशेबात धरावे.

परतीची गाडी त्याने नाटकाच्या दुसऱ्या दिवसाची घेतली. नाटक दोन-तीन तास चालते. ते संपता संपता गाडी सुटायची असेल, तर अर्धे मन घड्याळातच राहते.

नाटक कोणते आणि कधी, ते वर्तमानपत्राच्या जाहिरातीत येते. तिकीटविक्री कधी सुरू होणार आणि खिडकी किती वाजता उघडणार, तेही त्यात पाहावे. जाहिरात येताच धाकट्याचा फोन आला.

"दादा, शनिवारी पाचचं नाटक आहे. बालगंधर्वला. उद्या खिडकी उघडते."

"मायला जिना चढवत नाही रं. बाल्कनी नको. खालची जागा बघ, अन् कडेची."

"पुढच्या रांगा महाग आहेत."

"मग मधल्या घे. पण चौघं एका जागी बसू दे."

धाकटा सकाळीच खिडकीवर गेला. तिथे खुर्च्यांचा नकाशा असतो. त्याला 'प्लॅन' म्हणतात. त्यावर मोकळ्या खुर्च्या पाहून त्याने चार जागा घेतल्या. हेच तिकीट आता 'बुक माय शो' किंवा 'तिकिटालय' यांवरून मोबाइलवरही काढता येते. तसे काढताना आपला ओटीपी नंबर कोणाला सांगू नये.

एखाद्याला सुटीच्या दिवसाचे तिकीट मिळालेच नाही, तर त्याने काय करावे? सुटीच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी प्रयोग आहे का, ते पाहावे. कामाच्या दिवशी प्रयोग थोडे असतात, पण गर्दीही कमी असते.

तिकीट वाचा

तिकीट हातात आले, की खिशात घालू नका. आधी वाचा. तुम्हाला आता वाचता येते. मग दुसऱ्याला कशाला विचारायचे?

पाच गोष्टी पाहा.

१. नाटकाचे नाव.
२. रंगमंदिराचे नाव. पुण्याला बालगंधर्व आहे, तसे चिंचवडला रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे. दोन्हींत बरेच अंतर आहे. भलत्या दारात गेलात तर नाटक हुकेल.
३. तारीख आणि वार. दोन्ही जुळतात का, ते कॅलेंडरात पाहा.
४. वेळ. दुपारचे १२.३० आणि रात्रीचे ९.३० यांत घोटाळा करू नका.
५. रांग आणि खुर्चीचा नंबर. रांगेला बहुधा ए, बी, सी असे इंग्रजी अक्षर असते.

चूक दिसली तर खिडकी सोडण्याआधी सांगा. मागाहून कोणी ऐकत नाही.

नाटकाच्या दिवशी अर्धा तास आधी पोचा. नाटकाआधी तीन घंटा होतात. तिसऱ्या घंटेनंतर पडदा उघडतो. अंधारात खुर्ची शोधणे म्हाताऱ्या माणसाला जड जाते. आपल्यामुळे मागच्यांनाही दिसत नाही.

मायच्या घरची मंडळी साडेचारलाच पोचली. वेळ मागल्या सालचीच. पण या वेळी हातात तिकीट होते. माय कडेच्या खुर्चीवर बसली. मध्यंतरात ती म्हणाली, "नशिबात होतं म्हणायचं!"

थोरला हसून म्हणाला, "नशिबात नाही माय, तिकिटात होतं."

तिकिटाचा मान

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीला 'सीता स्वयंवर' हे नाटक केले. त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन पाळतात. भाव्यांना सांगलीच्या राजांचा आश्रय होता. पुढे राजे वारले आणि आश्रय सुटला. मग नाटक मंडळी गावोगाव फिरू लागली आणि तिकीट लावून खेळ करू लागली.

म्हणजे काय झाले? जे काम एक राजा करीत होता, ते तिकीट काढणारी साधी माणसे करू लागली. कडेची खुर्ची असो की मधली, तिकीट काढणारा प्रत्येक जण नाटकाचा आश्रयदाता आहे. त्याने दारात अजिजी करीत का उभे राहावे? आधी तिकीट काढावे आणि मानाने आपल्या जागी जाऊन बसावे.

प्रश्न

१. तंबूत आणि रंगमंदिरात बसण्याच्या सोयीत काय फरक आहे?
२. ३०० रुपयांचे एक, अशी पाच तिकिटे काढली. किती रुपये झाले? तीच ८०० च्या भावाने घेतली असती, तर किती जास्त गेले असते?
३. थोरल्याने परतीची गाडी दुसऱ्या दिवसाची का घेतली?
४. घरी एसटीचे, रेल्वेचे किंवा खेळाचे जुने तिकीट असेल तर वर्गात आणा. त्यावरची तारीख, वेळ आणि नंबर मोठ्याने वाचून दाखवा.