माणसाचे गुण सांगणारे इंग्रजी शब्द: चुकीचा शब्द महागात पडतो

माझ्या दुकानातल्या मुलाला दुसऱ्या नोकरीसाठी शिफारसपत्र हवं होतं. साधा-सरळ आहे म्हणून मी इंग्रजीत लिहिलं 'सिंपल', काटकसरी आहे म्हणून 'मायझर'. मुलाखतीत त्याला विचारलं, "तुमचे मालक तुमच्यावर नाराज आहेत का?" चूक माझी, मान खाली त्याची. त्याच दिवशी पत्र बदलून दिलं.

माणसाला 'सिंपल' म्हटलं की 'बुद्धीने कमी' असाही अर्थ निघू शकतो. आणि 'मायझर' म्हणजे चक्क कंजूष!

मग योग्य शब्द कोणते?

• साधा-सरळ: स्ट्रेटफॉरवर्ड
• काटकसरी: थ्रिफ्टी
• व्यवहारात धोरणी: श्रूड ('कनिंग' नको, त्यात लबाडी आली)
• भरवशाचा: रिलायेबल
• वेळ पाळणारा: पंक्चुअल
• प्रामाणिक: ऑनेस्ट

पण नुसतं 'ऑनेस्ट' लिहून थांबू नका. 'दोन वर्षं गल्ला सांभाळला, हिशोब रोज जुळला' असा पुरावा सोबत द्या. शब्दाला वजन पुराव्याने येतं.

आजचा सराव: तुमच्याकडे काम करणाऱ्या एका माणसासाठी दोन गुण आणि दोन पुरावे लिहा. उद्या त्याला पत्र लागलं, तर तुमची तयारी असेल.