कीबोर्डवरची जादा बटणे लिनक्सवर का चालत नाहीत?

प्रश्न : घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर मुलांच्या अभ्यासासाठी झुबुंटू टाकले. टायपिंग, इंटरनेट सगळे नीट चालते. पण कीबोर्डवरची आवाज कमी-जास्त करायची, गाणे थांबवायची आणि कॅल्क्युलेटरची बटणे दाबली तर काहीच होत नाही. मराठी इनस्क्रिप्ट जोडल्यामुळे असे झाले का? नवा कीबोर्ड घ्यावा लागेल का?
– एक वाचक, अंबड (जि. जालना)

उत्तर : कीबोर्डसाठी जालन्याला खेप घालण्याची घाई करू नका. इनस्क्रिप्टचाही यात दोष नाही. इनस्क्रिप्टमुळे फक्त अक्षरांच्या बटणांची मांडणी बदलते. जादा बटणांची यादी लिनक्समध्ये वेगळी असते आणि भाषा कोणतीही निवडली तरी ती लागू राहते.

बटण स्वतः आवाज वाढवत नाही, ते फक्त एक संकेत पाठवते. यूएसबी कीबोर्डकडून आलेल्या ‘आवाज वाढवा’ या संकेताला लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, ११५ हा क्रमांक देतो. पडदा सांभाळणारी एक्स ही व्यवस्था त्यात ८ मिळवून १२३ करते आणि त्या क्रमांकाला एक नाव देते. ते नाव ओळखून डेस्कटॉप आवाज वाढवतो. यातली एक कडी जरी सुटली तरी बटण दाबून उपयोग होत नाही. म्हणून कोणती कडी सुटली ते शोधायचे, आणि सुरुवात सोप्या टोकाकडून करायची.

झुबुंटूचा डेस्कटॉप एक्सएफसीई आहे. त्यात आवाजाची बटणे पट्टीवरच्या स्पीकरच्या चिन्हामार्फत चालतात. ते चिन्ह काढून टाकले असेल तर परत बसवा. त्यावर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि कीबोर्डवरून आवाज व गाणी नियंत्रित करण्याचे पर्याय चालू करा. कॅल्क्युलेटरसाठी सेटिंग्ज, कीबोर्ड, ‘ॲप्लिकेशन शॉर्टकट्स’ या वाटेने जा, नवी नोंद करा आणि विचारले की ते बटण दाबा. खिडकीत बटणाचे नाव उमटले, तर खालच्या सगळ्या कड्या शाबूत आहेत. बहुतेकांचे काम इथेच होते.

नाव उमटले नाही तर ‘इव्हटेस्ट’ हा छोटा प्रोग्राम बसवून टर्मिनलमध्ये प्रशासकाच्या अधिकाराने चालवा. तो जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा : एकच कीबोर्ड यादीत अनेकदा दोन ठिकाणी दिसतो. अक्षरे एका ओळीवर असतात आणि जादा बटणे ‘कन्झ्युमर कंट्रोल’ अशा नावाच्या दुसऱ्या ओळीवर. पहिली ओळ निवडून बटण दाबले की काहीच दिसत नाही आणि कीबोर्ड बिघडला असे वाटते. दुसरी ओळ निवडून ‘आवाज वाढवा’ दाबा. ११५ दिसला, दाबताना १ आणि सोडताना ० आला, तर कीबोर्ड आणि कर्नल दोन्ही ठीक आहेत.

११५ ऐवजी २४० आला, तर संकेत पोहोचला पण कर्नलला तो ओळखता आला नाही. अशा वेळी शेजारी दिसणारा मूळ संकेत आणि हवे ते काम यांची जोडी यूडेव्हच्या, म्हणजे उपकरणे ओळखणाऱ्या व्यवस्थेच्या, हार्डवेअर यादीत लिहावी लागते. दोन्ही ओळींवर काहीच आले नाही, तर एफएन बटणासोबत दाबून पाहा. तरीही काही दिसले नाही, तर ते बटण कंपनीच्या खास सॉफ्टवेअरशिवाय संकेतच पाठवत नसण्याची शक्यता आहे.

माइक बंद करण्याच्या बटणाची अडचण निराळी आहे. कर्नलमध्ये त्याचा क्रमांक २४८. त्यात ८ मिळवले की २५६ होतात, आणि एक्सची मर्यादा २५५ आहे. म्हणून अनेक लॅपटॉपसाठी त्या बटणाला एफ-२० चा, म्हणजे १९० हा क्रमांक दिला जातो. वेलँड या नव्या व्यवस्थेत ही मर्यादा आडवी येत नाही.

एक विनंती. हार्डवेअर यादीत ओळ लिहून तुमचे बटण चालू झाले, तर ती ओळ ही यादी सांभाळणाऱ्या सिस्टमडी प्रकल्पाकडे जरूर पाठवा. तिथली यादी वापरणाऱ्यांनी पाठवलेल्या अशाच ओळींमधून वाढली आहे. तुमची ओळ तिच्यात गेली, की तोच कीबोर्ड घेणाऱ्या पुढच्या माणसाला ही खटपट करावी लागणार नाही.