वाट ज्याची, त्याला विचारून

पुण्याहून मुळशी-मावळच्या डोंगरात जिप्सी घेऊन हिंडायला लागलो, त्याला सोळा वर्षं झाली. तेव्हा रविवारी पहाटे निघालं की संध्याकाळपर्यंत दुसरी फोर बाय फोर गाडी दिसली तर हात हलवावासा वाटे, इतक्या कमी होत्या. २०२०च्या ऑक्टोबरात नवी थार आली, २०२३ मध्ये जिम्नी आली, आणि आता घाटाच्या पायथ्याला चहाच्या टपरीवर गाड्यांची रांग लागते. गाड्या वाढल्या याचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की मी ज्या नऊ वाटांवर गाडी चालवायला शिकलो, त्यांतल्या चार बंद झाल्या. कुठे लोखंडी फाटक, कुठे आडवे टाकलेले ओंडके, कुठे जेसीबीने खणलेला चर. त्यांतली एक माझ्यामुळे बंद झाली. म्हणून हे लिहितो आहे.

१. भाताचा बांध म्हणजे रस्त्याची कड नव्हे

जुलैचा शेवट होता. पाच गाड्या होत्या आणि पुढे मी. उन्हाळ्यात जिथून सहज गेलो होतो ती वाट दोन खाचरांच्या मधून जायची. पावसात ती निम्मी पाण्याखाली होती. मी निघालो, दुसरी गाडी निघाली, तिसरीचं मागचं चाक घसरलं आणि चार हात बांध घेऊनच खाली गेलं. वरच्या खाचरातलं पाणी धबधब्यासारखं खालच्या खाचरात पडायला लागलं. तिथे दोनच दिवसांपूर्वी लावणी झाली होती. रोपं मुळासकट वर येऊन तरंगली. पलीकडच्या खाचरात लावणी चालली होती. एक बाई हातात रोपांची मूठ तशीच धरून आमच्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्या काही बोलल्या नाहीत.

मी पाकीट काढलं. घोंगडीची खोळ घेतलेले एक आजोबा आले, त्यांनी पैशांकडे बघितलंही नाही. म्हणाले, "पैसं ठेवा खिशात. आधी पाणी अडवा."

दुपारी तीनपर्यंत आम्ही दहा जण फावडी आणि घमेली घेऊन चिखलात होतो. ते सांगत होते, आम्ही करत होतो. गवतासकट ढेकळं कापायची, गवताची बाजू बाहेर ठेवून रचायची, मध्ये चिखल ठासायचा. बांध उभा राहिल्यावर आजोबा अनवाणी त्यावरून चालले. पायाच्या बोटांनी चाचपत एके ठिकाणी थांबले. तिथे खेकड्याचं अंगठ्याएवढं बीळ होतं. मूठभर चिखल त्यात घालून त्यांनी टाचेने दाबला. एवढ्याशा बिळातून रात्रीत खाचर रिकामं होतं, आणि आम्ही चार हात बांध पाडला होता.

चिखलणी कशासाठी करतात, हे मला त्या दिवशी कळलं. नांगर आणि औत पुन्हा पुन्हा फिरवून तळाची माती अशी घट्ट करतात की पाणी खाली मुरू नये. दीड टनाच्या गाडीचं चाक तो तळ फोडतं. बांध परत घालता येतो. फुटलेला तळ त्या हंगामात जुळून येत नाही, पाणी झिरपतच राहतं. आम्ही बांध घालून दिला आणि सुटलो असं समजलो. पुढच्या मे महिन्यात गेलो, तर वाटेवर कमरेइतका खोल चर होता. त्या चरामुळे गावाचा दुधाचा टेम्पोही लांबच्या वळणाने जायला लागला. आमचा राग त्यांनी स्वतःची अडचण करून घेऊन काढला होता.

२. परवानगी कुणाची, हे सातबारा सांगतो

चर पाहिल्यानंतर आम्ही विचारून जायला लागलो. एका गावात एका गृहस्थांनी मोठ्या आनंदाने "या की, आपलंच रान आहे" म्हटलं. अर्ध्या वाटेवर दुसरे गृहस्थ कोयता घेऊन आडवे आले. रान त्यांचंही होतं. नंतर सातबारा काढून पाहिला, तर त्या गटावर अकरा नावं. वाटणी कधी झालेलीच नव्हती. ज्यांनी होकार दिला ते शहरात राहणारे होते, सणाला गावी आले होते. जमीन कसणारे हे दुसरे. गवत त्यांनी राखलेलं होतं, आणि आम्ही त्यावरूनच निघालो होतो.

तेव्हापासून आम्ही गट नंबर काढतो, महाभूलेखवर सातबारा बघतो आणि जो प्रत्यक्ष कसतो त्याच्या दारात जातो. बऱ्याचदा जमीन पुण्या-मुंबईच्या कुणीतरी घेतलेली असते आणि तिथे फक्त राखणदार असतो. राखणदाराने फाटक उघडलं म्हणून मालकाची परवानगी मिळाली असं होत नाही. उलट त्याची नोकरी आपण पणाला लावतो. पोलीस पाटलांना आदल्या दिवशी फोन करणं हेही तितकंच महत्त्वाचं. किती गाड्या, किती वाजता, कुठून कुठे, हे त्यांना माहीत असलं की गावात अफवा उठत नाही.

३. नकाशावरच्या तुटक रेघा

आमच्या गटात कागद जाणणारा एक मित्र आहे. गावनकाशावर गाडीवाट दोन तुटक रेघांनी दाखवतात आणि पायवाट एका. तो म्हणायचा, "ही पाणंद आहे, सरकारी दप्तरात आहे, आपल्याला कोण अडवणार?" पाणंद असते हे खरं. पण ती कशासाठी असते, हेही त्याच दप्तरात आहे. जमीन महसूल संहिता १९६६ची. तिच्या कलम १४३ प्रमाणे दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागायची ती शेतकऱ्याने, आपल्या शेताकडे जाण्यासाठी. अडवलेली वहिवाट मोकळी करून देणारा मामलेदार कोर्ट कायदा १९०६चा, तोही शेतीच्या वापरासाठी. बैलगाडी, खत, भाताचे भारे यांच्यासाठी या वाटा राखलेल्या आहेत. रेघेच्या आधाराने शेतकऱ्याशी वाद घालणं मला आता शोभत नाही असं वाटतं. त्या मित्रालाही आता तसंच वाटतं.

वनखात्याच्या हद्दीबद्दल मात्र चर्चाच नको. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं १९२७च्या वन कायद्याने गुन्हा आहे, आणि ताम्हिणीचा मोठा भाग २०१३ पासून अभयारण्य आहे. पूर्वी गाडी जायची, हा युक्तिवाद तिथे चालत नाही, चालूही नये.

४. चाकोरी उमटली की परत फिरा

डोंगरउतारावरच्या ओल्या मातीत चाकाची चाकोरी वीतभर खोल उमटली, की पुढच्या सरीत ती पाण्याची वाट होते. दुसऱ्या वर्षी ती घळ होते. मग गाड्या घळ चुकवून बाजूच्या गवतातून जातात आणि एका वाटेच्या तीन होतात. टायरची हवा कमी करणं, लो गियर लावणं, हळू चालवणं हे सगळं करावं. पण ओल्या उतारावर त्याने भागत नाही. मागे फिरणं हाच उपाय.

सड्यांबद्दल तर मी हात जोडून सांगेन. वरून सपाट कातळ दिसतो, गाडीला काही होत नाही, आणि कातळाला काय होणार असं वाटतं. आंबोलीच्या सड्यावर एक छोटा भेक आहे. तो फक्त त्याच परिसरात सापडतो, आणि शास्त्रज्ञांनी त्याची नवी जात म्हणून नोंद केली ती २००९ मध्ये. पहिल्या पावसात कातळाच्या बशीएवढ्या खळग्यांत जे पाणी साठतं, त्यात त्याची अंडी असतात. गाडीच्या खिडकीतून तो खळगा दिसतही नाही.

५. झाडाला लोखंडी दोर बांधू नका

अडकलेली गाडी ओढणाऱ्या विंचचा दोर खोडाला थेट गुंडाळला की ताण येताच साल गोल कापली जाते. पानांनी केलेलं अन्न सालीतूनच मुळांकडे जातं. साल चौफेर कापली गेली की झाड उभं राहूनही हळूहळू मरतं. भीमाशंकरच्या बाजूला असं एक हिरड्याचं झाड मी पाहिलं आहे. तिथल्या घरांत बाळहिरडा विकून वर्षाचा किराणा भरतात. खोडाभोवती बांधायला गाडीत चार बोटं रुंदीचा पट्टा ठेवा, आणि शक्य असेल तर झाडाऐवजी दुसऱ्या गाडीचा आधार घ्या. देवराईच्या आसपास तर तोही प्रयत्न नको. तिथे इंजिन बंद करून चालत जावं.

६. कवाड

बंद असेल तर आपण गेल्यावर बंद, उघडं असेल तर उघडं. उघड्या कवाडातून गुरं पाण्यावर जात असतात, म्हणून आपल्या समजुतीने ते लावूनही घेऊ नये.

७. वाटेचा पत्ता वाटू नका

चार वर्षांपूर्वी एका सुंदर वाटेचा जीपीएस ट्रॅक मी एका ओळखीच्या माणसाला दिला. महिन्याभरात तिथे एका सकाळी बावीस गाड्या गेल्या. त्यांतल्या एकानेही वाडीवर विचारलं नव्हतं, कारण फोनवर वाट तयार मिळाली होती, माणसाला विचारायची गरजच उरली नव्हती. आता कुणी मागितलं तर मी वाट देत नाही. येतोस तर बरोबर चल म्हणतो, आणि आधी वाडीवर ओळख करून देतो.

चर खणलेल्या वाटेवर आम्ही नंतर तीन उन्हाळे गेलो, गाड्या खाली ठेवून. पहिल्या वर्षी वाटेची घळ दगडांनी भरली, दुसऱ्या वर्षी पाणी बाजूला काढायला आडव्या नाल्या केल्या. आजोबा तोवर गेले होते. तिसऱ्या मे महिन्यात त्यांच्या मुलाने चराच्या एका बाजूला सिमेंटचे दोन पाइप टाकून मुरूम भरला. दुधाचा टेम्पो आता तिथून जातो. आम्हाला दिवाळीनंतर मे अखेरपर्यंत, एका वेळी तीन गाड्या, आणि आदल्या दिवशी फोन करून, असं जाता येतं. तुम्हाला यायचं असेल तर आधी त्यांच्या दारात जाऊन विचारा.