गवंड्याला आधी हे विचार

अगं, घराचा पाया खणायला घेतलास हे ऐकून फार बरं वाटलं. पण हिंगोलीकडच्या हादऱ्यांनी तुझी झोप उडाली म्हणालीस, म्हणून हे मनातलं बोलते.

जमीन का हलते ते समजून घे, निम्मी भीती तिथंच जाईल. आपला देश ज्या भूपट्टावर वसलाय तो दरवर्षी साधारण पाच सेंटिमीटर उत्तरेकडं सरकतो आणि हिमालयापाशी अडतो. त्या रेट्याचा ताण आपल्याकडच्या जुन्या, घट्ट खडकातही साठत राहतो. खोल कुठंतरी जुनी भेग असते. तिला तो ताण सोसेनासा झाला की खडक क्षणात सरकतो. कोयनेला त्यात धरणाच्या पाण्याची भर पडली. शिवाजीसागर भरू लागल्यावर तिथं हादरे सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा मोठा धक्का बसला. यात कुणाचा कोप नाही, कुणाचं पाप नाही. आणि अमुक तारखेला भूकंप होणार असा मोबाइलवर निरोप आला, तर तो पुढं पाठवू नकोस. तारीख-वार सांगणारं शास्त्र अजून कुणाकडंच नाही.

आता किल्लारीचं बोलू, कारण तुझं घर त्याच मातीत उभं राहतंय. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं थकून झोपलेली. धक्का सहाच्या थोडा वरचा, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. तरी जवळपास दहा हजार माणसं गेली. का? एक तर भूकंपाचं केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हतं. पण मुख्य कारण घरांच्या भिंती. दोन-अडीच फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती. आतली दर्शनी रांग वेगळी, बाहेरची वेगळी, मधे नुसता भर. दोन्ही रांगांना धरून ठेवणारा आरपार दगडच नाही. वर माळवद, आणि पावसाळ्यापूर्वी दरसाल नवी माती टाकून ते आणखी जड केलेलं. भिंती फुगून फुटल्या आणि झोपलेल्या लेकराबाळांवर आल्या. कितीतरी घरांत लाकडी खण मात्र तसाच उभा होता. हे आठवलं की आजही मला फार वाईट वाटतं, कारण ती माणसं वाचू शकली असती.

त्यानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावोगावी जे घडलं त्याचा मला मनापासून अभिमान आहे. घरं दुरुस्त करायच्या सरकारी कार्यक्रमात महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था त्यांच्या पाठीशी होती. बांधकामातलं ज्यांना कुणी कधी काही विचारलं नव्हतं, त्या बायका घराची मजबुती शिकल्या, शेजारणींना समजावू लागल्या, कामावर नजर ठेवू लागल्या.

तूही तेच कर. नवऱ्यावर किंवा ठेकेदारावर सोपवून मोकळी होऊ नकोस. दगडी भिंत असेल तर विचार, आरपार जाणारे लांब दगड किती अंतरावर घालताय? प्लिंथला आणि लिंटलला सळईचा काँक्रीट पट्टा चारी भिंतींवरून सलग फिरतोय ना? नुसत्या दारा-खिडकीवरचं लिंटल पुरत नाही गं. कॉलमच्या रिंगांची टोकं आत वळवली का, स्वतः बघ. स्लॅब आणि भिंतींवर पाणी मारायला कंटाळा करू देऊ नकोस. आणि खाली गाडीसाठी नुसते खांब ठेवून वर मजले चढवायचा मोह दिराला झाला, तर त्याला अहमदाबादचं सांग. २००१ च्या भुजच्या भूकंपात, दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असूनही, तिथल्या अशा कितीतरी इमारती बसल्या.

राहायला गेल्यावर कपाट भिंतीला स्क्रूने पक्कं कर. उशाशी बॅटरी आणि चप्पल ठेव. हादरा बसलाच तर जिन्याकडं पळू नका. भक्कम टेबलाखाली डोकं झाकून बसा, थांबल्यावर गॅस बंद करून मोकळ्यात या. मुलांना हे एकदा करून दाखव.

गवंडी म्हणेल, ‘ताई, आम्ही वर्षानुवर्षं असंच बांधतो.’ म्हणू दे. पट्ट्याची सळई डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काँक्रीट ओतू देऊ नकोस, आणि अडलं तर इंजिनिअरला घेऊन साइटवर जा.