भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आता हातातल्या पडद्यावर

जून महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी दवाखाना बंद करायच्या वेळेला एक बाई आपल्या १४ वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलीला दहा दिवस धड झोप नव्हती. छातीत धडधड, पोटात गोळा, जेवणावर वासना नाही. आधीच्या डॉक्टरांनी रक्त तपासले होते, ई.सी.जी. काढला होता. सगळे व्यवस्थित होते.

बाई आवाज उतरवून म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, सासूबाईंनी दोनदा मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. पण ही रात्री दिवा मालवू देत नाही. आणखी एक विचित्र सांगते. हिच्या बाबांच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर हिने माझी टिकली चिकटवली आहे. मोबाइल पालथा घालून त्यावर उशी ठेवते."

त्या टिकलीने मला धागा सापडला. "बाळ, सुट्टीत कुठला सिनेमा पाहिलास?" मी विचारले. तिने एकदा आईकडे पाहिले आणि खाली मान घालून सांगितले. मामाकडे सगळी भावंडे जमली होती. मोठी माणसे झोपल्यावर मुलांनी मोबाइलवर एक इंग्रजी भुताचा सिनेमा पाहिला. त्यात ना वाडा होता, ना स्मशान. सबंध सिनेमाभर फक्त एका मुलीच्या संगणकाचा पडदा दिसत होता.

या प्रकारच्या चित्रपटांविषयी अलीकडे पालक मला वरचेवर विचारतात. म्हणून आजचा लेख त्यांच्यासाठी. (मुलीच्या आईच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

हे चित्रपट असतात तरी कसे?

या प्रकाराला 'स्क्रीनलाइफ' असे नाव आहे. सगळी कथा संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरच घडते. पात्रे व्हिडिओ कॉलच्या चौकटींतून बोलतात, निरोप टाइप करतात, खोडतात, पुन्हा टाइप करतात. वेबकॅमेऱ्यावरून भीती दाखवण्याचा प्रयोग २००२ सालच्या 'द कॉलिंग्सवुड स्टोरी' या अमेरिकन चित्रपटात झाला होता. पण प्रकार गाजला तो २०१४ सालच्या 'अनफ्रेंडेड'मुळे. सुमारे दहा लाख डॉलरांत तयार झालेल्या या चित्रपटाने जगभरात सहा कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली. त्यात काही शाळकरी मित्रमैत्रिणी व्हिडिओ कॉलवर गप्पा मारत असतात. कॉलमध्ये एक अनोळखी जण शिरतो, तो काही केल्या बाहेर जात नाही. वर्षापूर्वी जिची अपमानास्पद चित्रफीत पसरवली गेली आणि जिने त्यापायी जीव दिला, त्या वर्गमैत्रिणीच्या खात्यावरून निरोप येऊ लागतात. माझ्या छोट्या रुग्णाने पाहिला तो हाच.

२०२० सालच्या लॉकडाऊनमध्ये ब्रिटनमध्ये 'होस्ट' निघाला. तासाभराचाही नाही. आपल्याकडे पूर्वी वसतिगृहांत मुले वाटी पालथी घालून प्लँचेट करीत, तशातलाच प्रकार त्यातल्या मैत्रिणी व्हिडिओ कॉलवर करतात. त्याच वर्षी मल्याळममध्ये 'सी यू सून' हा चित्रपट आला. त्यात भूत नाही, एका तरुणीचा शोध आहे. २०१८ च्या 'सर्चिंग'मध्ये बाप आपल्या हरवलेल्या मुलीला तिच्याच लॅपटॉपमधून शोधतो. दिग्दर्शक अनीश चगंटी भारतीय वंशाचा आहे. हा चित्रपट तर आईबापांनी जरूर पाहावा. आपण आपल्या लेकराला किती कमी ओळखतो, हे त्यातून कळते.

शरीरात काय घडते?

मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. धोका दिसला की घंटा वाजवणे हे त्याचे काम. समोरचा वाघ खरा की चित्रातला, हे विचारी मेंदूला कळेपर्यंत घंटा वाजूनही गेलेली असते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तात उतरते. नाडी जलद होते, श्वास वाढतो, तळहात गार पडून घामेजतात, पचन मंदावते. पोटात गोळा येतो तो असा. तेव्हा मुलगी ढोंग करते आहे असे घरच्यांनी मुळीच समजू नये. तिची धडधड अगदी खरी होती.

'अंगातले रक्त गोठले' असे आपण म्हणतो. नेदरलँड्समधील लायडन येथील संशोधकांनी हे चक्क तपासून पाहिले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २४ निरोगी तरुणांना एक भयपट आणि एक साधा माहितीपट दाखवला आणि दोन्हींच्या आधी व नंतर रक्त तपासले. रक्त साकळण्यास मदत करणारा आठव्या क्रमांकाचा घटक भयपटानंतर वाढलेला आढळला. प्रत्यक्ष गुठळ्या होण्याची क्रिया मात्र वाढली नव्हती. म्हणजे म्हण अगदीच खोटी नाही, पण घाबरून जाण्याचेही कारण नाही.

हीच भीती अधिक का चिकटते?

माझ्या पिढीने 'पुराना मंदिर' (१९८४) टुरिंग टॉकीजमध्ये पाहिला. भूत जुन्या मंदिरात होते आणि आपल्या आळीत तसले मंदिर नव्हते. शेजारी चारशे माणसे बसलेली, कुणीतरी शिट्टी मारी, कुणी मोठ्याने हसे. खेळ संपला की भीती तंबूतच राहत असे. फार तर घरी येताना दोघे-तिघे हात धरून चालायचो.

इथे तीन गोष्टी उलट आहेत. पहिली, चित्रपट ज्या पडद्यावर पाहिला तोच पडदा उद्या अभ्यासाला हवा असतो. सिनेमा संपला तरी भुताचे घर हातातच राहते. दुसरी, आवाज. निरोप आल्याचा 'टिंग' आणि कॉलची घंटा हे आवाज चित्रपटात भीतीच्या क्षणांशी जोडले जातात. पुढे घरात तोच आवाज झाला की शरीर सवयीने दचकते. कुत्र्याच्या घंटेचा पावलॉव्हचा प्रयोग शाळेत शिकलेल्यांना हे लगेच कळेल. तिसरी गोष्ट एकटेपणाची. असे चित्रपट बहुधा रात्री, पांघरुणात, कानात इअरफोन घालून पाहिले जातात. पाच-सहा चौकटींपैकी कुणाच्या मागे काय हलते आहे, हे डोळे सतत शोधत असतात. शरीर तासभर पहाऱ्यावर उभे राहते आणि त्यानंतर लगेच झोप यावी अशी आपण अपेक्षा करतो!

भीती वाईटच का?

तसे नाही. आजी अंगणात भुताच्या गोष्टी सांगे तेव्हा आपण तिच्या पदराला धरून 'अजून एक' म्हणायचोच ना? सुरक्षित जागी बसून थोडे घाबरणे ही मनाची तालीम आहे. कोरोनाच्या साथीत केलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात भयपटांचे शौकीन इतरांपेक्षा मानसिकदृष्ट्या कमी खचलेले आढळले. भयपटांमुळेच ते खंबीर झाले, असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लहानपणीच्या अशा अनुभवांविषयी विचारले. दहापैकी नऊ जणांना पडद्यावरचे काहीतरी पाहून घाबरल्याचे आठवत होते. सुमारे चौथा हिस्सा विद्यार्थ्यांच्या मनात त्याची सल अजून होती. तेव्हा प्रश्न भीतीचा नाही, मात्रेचा आणि वयाचा आहे. औषधाचेही तसेच असते.

पालकांनी काय करावे?

१) रागावू नका, हसू नका. "एवढी घोडी झालीस आणि भुताला भितेस?" या एका वाक्याने मूल पुढचे काहीही सांगायचे बंद होते.

२) सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलाला 'ते खोटे असते' हे सांगून फारसा उपयोग होत नाही. त्याला जवळ घ्या, पाणी द्या, दुसऱ्या खेळात रमवा.

३) मोठ्या मुलांना युक्ती उलगडून दाखवा. 'होस्ट'मधले कलाकार आपापल्या घरीच होते. दिग्दर्शक रॉब सॅव्हेज व्हिडिओ कॉलवरून सूचना देई. कॅमेरा आणि दिवे लावण्यापासूनची कामे कलाकारांनीच केली. मुळात त्याने मित्रांची फिरकी घेण्यासाठी पोटमाळ्यावर जाण्याचे एक नाटक कॉलवर केले होते, त्यातून हा चित्रपट जन्मला. हे कळले की भुताचा अर्धा दरारा उतरतो.

४) झोपण्यापूर्वी निदान एक तास पडदा बंद ठेवा. मोबाइल मुलांच्या उशाशी नको, स्वयंपाकघरात किंवा बाहेरच्या खोलीत ठेवा. हा नियम आईबापांनाही लागू आहे.

५) कॉलच्या आणि निरोपाच्या घंटेचा आवाज बदला. उपाय साधा आहे, पण दचकणे कमी होण्यास मदत होते. भीती ओसरत आली की दिवसाउजेडी, सोबत बसून, आजीला किंवा मामाला व्हिडिओ कॉल लावून द्या. पडद्याशी पुन्हा मैत्री होते.

६) ज्यांना भीतीचे झटके येतात, झोपेचा किंवा हृदयाचा विकार आहे, त्यांनी असे चित्रपट टाळलेले बरे. अपस्माराच्या काही रुग्णांना लुकलुकत्या प्रकाशाने झटका येऊ शकतो, त्यांनीही जपावे.

७) दोन आठवड्यांनंतरही झोप येत नसेल, मूल शाळा टाळू लागले असेल, तर डॉक्टरांना दाखवा. जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा मुलाच्या तोंडून एकदा जरी आली, तर एक दिवसही थांबू नका. शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि रात्रंदिवस चालू असतो. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे.

त्या मुलीचे पुढे काय झाले?

यातले बहुतेक उपाय मी तिला सांगितले. आठवड्याने ती आली तेव्हा झोप थोडी सुधारली होती. चित्रपट कसे बनवतात ते सांगितल्यावर ती हसलीसुद्धा. पण टिकली मात्र कॅमेऱ्यावर तशीच होती. मला ते खटकले. आईला बाहेर बसायला सांगून मी विचारले, "सिनेमातल्या कुठल्या गोष्टीची भीती वाटते? भुताची?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "डॉक्टरकाका, भुताची नाही. त्या मुलीची फिल्म सगळ्यांना पाठवली ना, त्याची."

स्नेहसंमेलनात नाच करताना तिचा पाय घसरून ती पडली होती. वर्गातल्या कुणीतरी त्याची चित्रफीत काढून, वर गलिच्छ ओळी लिहून, गटात फिरवली होती. चार महिने तिने हे घरात कुणालाही सांगितले नव्हते. रोज 'टिंग' वाजले की तिला वाटे, पुन्हा तेच आले. सिनेमाने नवे भूत आणले नव्हते. मनात दडलेले होते त्याला फक्त तोंड दिले होते.

मी आईला आत बोलावले. मुलीने स्वतःच सगळे सांगितले. आईने एक शब्दही न रागावता तिला जवळ घेतले. माझ्या कुठल्याही गोळीपेक्षा ते औषध मोठे होते. दुसऱ्या दिवशी आईवडील वर्गशिक्षिकांना भेटले, चित्रफीत काढून टाकली गेली, संबंधित मुलांच्या पालकांनाही बोलावले गेले. असा प्रकार कुणाच्या बाबतीत घडला तर चित्रफितीचा पुरावा जपून ठेवावा आणि गरज पडल्यास सायबर पोलिसांकडे तक्रार करावी.

तिसऱ्या खेपेला ती आली तेव्हा तिने सांगितले, "टिकली काढली मी."

वाचकहो, 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' असे आपल्याकडे म्हणतात. पण तुमचे मूल पडद्याला भिऊ लागले, तर ब्रह्मराक्षसाला हसण्याआधी त्याचे नाव विचारा. कधी तो सिनेमातला असतो, कधी शेजारच्या बाकावरचा.