बाबूची सोय

दरेकसा, ता. सालेकसा

चि. सौ. बेबीस,


तुझ्या भावाला, बाबूला, पुढे नागपुरात एखाद्या चांगल्या संस्थेत ठेवू, असं तू लिहिलंस. संस्थेला माझी हरकत नाही. खटकलं ते एवढंच, की हे सगळं आईच्या माघारी करायचं असं तू धरून चालली आहेस. आई, घर आणि गाव एकाच आठवड्यात सुटलेला माणूस मी एका ओळखीच्या घरी पाहिला आहे. तो जेवेना, रात्री ओरडायला लागला. मग झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या. बाई, म्हणजे तुझी आई, चालती-फिरती आहे तोवरच बाबूचं मार्गी लावायचं.

तू दिवाळीला येतेस तेव्हा बाई त्याला कशाला हात लावू देत नाही, म्हणून तुला तो लहान मुलासारखा दिसतो. चैतात ये. पहाटे फुलं वेचायला मोहाखाली सगळ्यांच्या आधी हाच बसलेला असतो, आणि टोपलीत एक काडीकचरा राहू देत नाही. माघी पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेची गर्दी स्टेशनावर उतरते तेव्हा पाणी वाटायला उभा राहतो. त्याला जमत नाही ते पैसे, गॅस आणि पोट दुखलं तर सांगणं. मदत तेवढ्यालाच हवी. सकाळ-संध्याकाळ येणारी गावातली एखादी बाई पगारावर ठेव, आणि तुझ्या आईच्या हाताखाली वर्षभर तिला तयार होऊ दे. पगार तू दे. शेजारधर्मावर माणूस जन्मभर सांभाळला जात नाही.

आता कागद. बाबू अठरा वर्षांचा झाला त्या दिवशी कायद्याने आईचं पालकपण संपलं, हे आपल्याकडे कोणाच्या गावीच नसतं. बाबूसारख्यांसाठीचा राष्ट्रीय न्यास कायदा 1999 चा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. तिच्याकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. तू पालक झालीस तर सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशेब द्यायचा. धानाच्या बांधीतला त्याचा हिस्सा त्याचाच राहील. जावईबापूंनाही हे आधीच सांगून ठेव. त्याच न्यासाची ‘निरामय’ विमा योजना आहे, वर्षाला 1 लाखापर्यंत. त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही.

सर्वांत मोठी गोष्ट भाऊजींच्या, म्हणजे तुझ्या वडिलांच्या, पेन्शनची. ते रेल्वेत गँगमन होते. आज कुटुंबनिवृत्तिवेतन बाईला मिळतं. तिच्यानंतर, स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या अपंग मुलाला ते हयातभर मिळू शकतं. पण बाबूचं नाव आणि वैद्यकीय प्रमाणपत्र बाई असतानाच रेल्वेच्या दफ्तरी लागलेलं बरं. नंतर तू एकटी खेटे घालशील.

आणि तरी संस्था बघच. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस अपंग मुलांना स्वतःचं आडनाव दिलं. अठरा पूर्ण झाली की बालगृहातून काढायचं, या नियमाविरुद्ध ते वर्षानुवर्षं भांडताहेत. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पण मला त्यांचं ते भांडणच मोठं वाटतं. पुण्याकडे कोळवणला साधना व्हिलेज आहे. तिथे राहणाऱ्यांना ‘विशेष मित्र’ म्हणतात आणि ते घरासारख्या घरात, कामाच्या वाटण्या करून राहतात. बदलापूरच्या ‘आधार’ची उभारणी तर पालकांनीच केली. हे सगळं इथून लांब आहे, त्यामुळे नागपूरकडचंच काही शोधावं लागेल.

बघायला जाशील तेव्हा न कळवता, रविवारी दुपारी जा. फरशी चकचकीत आहे का, ते बघत बसू नकोस. धुतलेले कपडे कुठे जातात ते बघ. सगळ्यांचे एकाच ढिगात पडत असतील आणि हाताला येईल तो शर्ट अंगात चढत असेल, तर परत फीर. रात्री जवळ कोण झोपतं, ते तिथल्या स्वयंपाकिणीला विचार. ऑफिसात विचारू नकोस. पसंत पडलं तर पहिल्यांदा आठ दिवसच ठेव, तेही बाई अधूनमधून भेटायला जाऊ शकेल असं. नंतर वर्षातून एकदा-दोनदा. म्हणजे उद्या खरंच जावं लागलं तर ते दार त्याच्या ओळखीचं असेल.

मात्र त्याला विचारल्याशिवाय ठरवू नकोस. फोनवर तो ‘हो’ म्हणतो, पण ते सगळ्यांनाच म्हणतो. समोर बसून, जागेचा फोटो दाखवून विचार, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचार.

भाऊजींच्या पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, झेरॉक्स तुझ्याकडे असेल तर येताना आण. मूळ प्रत बाईच्या पेटीत आहे, ती मी काढून ठेवतो. कागदांच्या कामासाठी गोंदियाला आपण दोघं मिळून जाऊ, बाबूलाही नेऊ.

जावईबापूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मामा