गोमूत्र कोणत्या गाईचे? गोठ्यातील प्रतिजैविके व आपली औषधनिर्मिती

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात भगवान पुनर्वसु आत्रेय अग्निवेशास सांगतात की, वायू, जल, देश व काल हे चार भाव विकृत होण्याची चिन्हे दिसत आहेत. तेव्हा भूमी विरस होण्यापूर्वीच औषधी द्रव्यांचा संग्रह करावा. साथीच्या रोगांविषयी बोलताना आपण या अध्यायाचा आधार नेहमी घेतो; संग्रहाची ही सूचना मात्र वाचून पुढे जातो. द्रव्याचे उगमस्थान बिघडले की द्रव्य बिघडते, हा तिचा आशय आहे. वनस्पतींच्या बाबतीत तो आपण मान्य करतो आणि भेसळ, कीटकनाशके, जड धातू यांविषयी जागरूक असतो. जांगम द्रव्यांच्या बाबतीत, विशेषतः गोमूत्र, गोमय, दुग्ध व घृत यांच्या बाबतीत, तितकी जागरूकता दिसत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

गाईच्या आहाराचा तिच्या दुधावर परिणाम होतो, हे वाग्भटांनी स्पष्ट नोंदविले आहे. पेंड व आम्ल पदार्थ खाणाऱ्या गाईचे दूध गुरु व अभिष्यंदी सांगितले आहे. सरकीच्या ढेपेवर जनावरे पोसणाऱ्या आपल्या खानदेशाला हे वचन अगदी जवळचे वाटावे. आता ढेपेबरोबर आणखी एक गोष्ट गाईच्या शरीरात जाते, ती म्हणजे प्रतिजैविक औषधे.

गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात, म्हणजे रुमेनमध्ये, एका मिलिलिटर रसात सुमारे एक हजार कोटी किंवा त्याहून अधिक जिवाणू असतात. त्यांच्याशिवाय कडब्यातील तंतूंचे पचन होणे शक्य नाही. गाईचा अग्नी बऱ्याच अंशी या सूक्ष्मजीवसमूहाच्या आश्रयाने चालतो, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. मोठ्या जनावरास प्रतिजैविक तोंडाने दिल्यास हा समूह विस्कळीत होतो; म्हणून बहुधा इंजेक्शन देतात किंवा कासेत ट्यूब सोडतात. तथापि इंजेक्शनने दिलेली अनेक औषधेही पित्तावाटे आतड्यात उतरतात. तेथील असंख्य जिवाणूंपैकी ज्या मोजक्यांजवळ त्या औषधाला निष्प्रभ करणारे जनुक आधीच असते ते तगून राहतात व त्यांची संख्या वाढते. हे जनुक पुष्कळदा प्लाझ्मिड नावाच्या सुट्या वर्तुळाकार डीएनएवर असते. असे प्लाझ्मिड एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूकडेही जाते. त्यामुळे गाईला रोग न करणारा आतड्यातील निरुपद्रवी ई. कोलायदेखील प्रतिरोधाचे कोठार होऊ शकतो.

कॉलिस्टिनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. अतिदक्षता विभागात अन्य औषधे थकल्यावर वापरावयाचे हे औषध पशुखाद्यात, विशेषतः कोंबड्या व डुकरे यांच्या खाद्यात, सर्रास मिसळले जात असे. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये चिनी संशोधकांनी डुकरे, मांस व रुग्ण या तिन्हींकडून मिळालेल्या जिवाणूंमध्ये प्लाझ्मिडवरील एमसीआर-१ हे कॉलिस्टिनरोधी जनुक आढळल्याचे प्रसिद्ध केले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नोत्पादक प्राणी, कुक्कुटपालन, मत्स्यपालन व पशुखाद्यपूरके यांसाठी कॉलिस्टिनवर बंदी घातली. युरोपीय संघाने तर केवळ वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास १ जानेवारी २००६ पासूनच मनाई केली होती.

आपल्या भागात कोंबड्यांपेक्षा गाई-म्हशींचा प्रश्न अधिक निकटचा आहे. प्रतिजैविके सर्वाधिक वापरली जातात ती कासदाहात, ज्याला पशुपालक दगडी म्हणतात. त्याशिवाय ताप, जार अडकणे, जखमा ही निमित्ते आहेतच. २०२२ च्या ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यात लम्पी चर्मरोग आढळला व पुढे राज्यभर पसरला. हा रोग विषाणुजन्य आहे. प्रतिजैविकाने तो बरा होत नाही. गाठी फुटून झालेल्या व्रणांत जिवाणूंचा शिरकाव झाला तरच त्याचा उपयोग. पण गोठ्यातले जनावर खाली बसले की पशुपालक हा भेद करीत बसत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण एक दुभती गाय म्हणजे त्याच्या घरचा महिन्याचा खर्च असतो. प्रश्न आहे तो इंजेक्शन त्याला इतक्या सहज मिळते कसे हा.

येथे औषधविक्रेत्यांनी डायक्लोफेनॅकचा इतिहास आठवावा. या औषधाने उपचार केलेल्या जनावरांची कलेवरे खाऊन गिधाडे मृत्युमुखी पडतात हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये पशूंसाठी त्याच्या वापरावर आपल्याकडे बंदी आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या दुकानांतून गोठ्यात जातच राहिल्या. अखेर २०१५ मध्ये माणसांसाठीचे इंजेक्शनही ३ मिलिलिटरच्या एकमात्रा कुपीतच विकावे, असा आदेश काढावा लागला. कायदा झाला तो एका गल्ल्यावर आणि पळवाट होती ती दुसऱ्या गल्ल्यावर. प्रतिजैविकांचे याहून वेगळे नाही. पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय जनावरासाठी इंजेक्शन न देणे हे दुकानदारास अवघड वाटेल, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, हेही खरे. तथापि या पळवाटेचा मोठा भाग त्याच्याच हाती आहे.

आता औषधनिर्मितीकडे वळू. पेनिसिलिन मुख्यत्वे मूत्रावाटे बाहेर पडते. ऑक्सिटेट्रासायक्लिनचा मोठा अंश मूत्र व शेण यांतून जातो. एनरोफ्लॉक्सॅसिनचे गाईच्या शरीरात अंशतः सिप्रोफ्लॉक्सॅसिन बनते व तेही मूत्र आणि पित्त यांवाटे बाहेर पडते. म्हणजे ज्या गाईस चार दिवसांपूर्वी इंजेक्शन दिले तिचे गोमूत्र हे शास्त्रोक्त गोमूत्र नव्हे. ते अज्ञात मात्रेतील एका औषधाचे द्रावण आहे. फार्मसीचालकांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. आपण गोमूत्र बहुधा गोशाळा वा पांजरपोळातून आणतो. तेथे वृद्ध, जखमी, टाकून दिलेली जनावरे अधिक. साहजिकच उपचाराधीन जनावरेही अधिक. श्रद्धेच्या दृष्टीने उत्तम असलेला स्रोत या एका दृष्टीने अधिक जोखमीचा ठरतो.

सर्व कल्पांत जोखीम सारखी नाही. पुनर्नवा मंडुरात मंडूर गोमूत्रात शिजविला जातो, गुग्गुळाचे शोधन दोलायंत्रात स्वेदनाने होते. तेथे जिवाणू नष्ट होतात. औषधांश मात्र उरू शकतो, कारण क्विनोलोन वर्गातील औषधे उष्णतेस पुष्कळच टिकाऊ आहेत. गोमूत्र अर्कात ऊर्ध्वपातनामुळे दोन्ही बाबतींत बरीच सुरक्षितता मिळते. वत्सनाभाचे शोधन गोमूत्रात तीन दिवस उन्हात ठेवून करण्याची पद्धत आहे. तेथे अग्निसंस्कार नाही, आणि रोज ते गोमूत्र बदलणाऱ्या कामगाराच्या हातांचाही विचार व्हावा. ताजे गोमूत्र गाळून रुग्णास प्यावयास देणे, किंवा पंचगव्य घृतासाठी गोमयस्वरस काढणे, यांत गाईचा पूर्ववृत्तांत विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दुधाविषयी निदान काही आकडे उपलब्ध आहेत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचा अंश मर्यादेपेक्षा जास्त होता. प्रमाण लहान आहे व त्याचा बागुलबुवा करू नये. पण ती मोजणी औषधांशांची होती, प्रतिरोधी जिवाणूंची नव्हे. आणि गोमूत्र तिच्या कक्षेबाहेर होते. औषध व सौंदर्यप्रसाधने नियमांत २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पशुऔषधाच्या वेष्टनावर वर्ज्यकाल छापावा लागतो. तो निश्चित केलेला नसेल तर दूध व अंडी यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी २८ दिवस धरले जातात. या नियमात गोमूत्राचा निर्देश नाही. फार्मसीने दुधाच्या ७ दिवसांवर न थांबता मांसाचे २८ दिवस धरावेत, असे सुचवावेसे वाटते. कारण ऊतींत जोवर औषध शिल्लक आहे तोवर त्याचा काही अंश मूत्रात उतरत राहणार.

कासदाहावर वनौषधींचा पर्याय आहे काय, असा प्रश्न वैद्यबंधू विचारतात. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसृत केलेल्या पद्धतीत कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम व चुना १५ ग्रॅम यांचा लेप कासेवर दिवसातून अनेक वेळा लावतात. व्रणशोथावर लेप ही कल्पना आपल्याला नवीन नाही. रोगाच्या आरंभी, कास नुकतीच गरम व कठीण झाली असता, हा उपाय करून पाहण्याजोगा आहे. परंतु गाईला ताप आहे, दूध पाण्यासारखे वा रक्तमिश्रित येते आहे, अशा वेळी लेप लावीत बसणे म्हणजे गाय गमावणे होय. शिवाय भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुचिकित्सा हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे क्षेत्र आहे. आपली पदवी तेथे चालत नाही.

आपली पदवी जेथे चालते तेथेही थोडे पाहावे. ग्रामीण भागात आपल्यापैकी अनेकजण स्वतः प्रतिजैविके लिहितात. वारंवार मूत्रदाहाची तक्रार घेऊन येणाऱ्या, घरी जनावरे असणाऱ्या स्त्रीस तिसऱ्यांदा तेच औषध लिहिण्यापूर्वी मूत्राचे कल्चर करून घ्यावे. लांबलेला ताप व सांधेदुखी असलेल्या गवळ्यास वा मेंढपाळास, गोठ्यात कोणते जनावर गाभडले काय, हा प्रश्न अवश्य विचारावा. उत्तर होकारार्थी असेल तर ब्रुसेलोसिसची तपासणी करावी.

फार्मसीत गोमूत्राची नोंदवही ठेवणे कठीण नाही. गाईची ओळख, संकलनाची तारीख, मागील २८ दिवसांत दिलेले औषध व ते देणाऱ्या पशुवैद्यकाचे नाव, एवढे रकाने पुरेत. गोशाळेशी करार करताना उपचाराधीन गाई वेगळ्या बांधण्याची अट घालावी आणि त्यासाठी दर लिटरमागे थोडे अधिक मोल द्यावे. अशा गाईंचे शेण ताजे शेतात न टाकता स्वतंत्र खड्ड्यात रचून, चाळवून कुजवावे. खत नीट तापले तर त्यातील औषधांश व जिवाणू दोन्ही बरेच घटतात. पाऊस सुरू होण्यापूर्वी त्या खड्ड्याभोवती बांध घालावा, नाहीतर ते पाणी थेट नाल्यात उतरते.